डिलिव्हरीसाठी हॉस्पिटल बघताय? बाळाच्या बाजूनं काय काय विचारायचं ते सांगते

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तालुक्याच्या गावी. हॉस्पिटल कसं निवडलं, तर आईच्या ओळखीतल्या तिघींची बाळंतपणं तिथं झालेली, मॅडमचा हात चांगला, खोलीत गरम पाणी आणि घरापासून दहा मिनिटांवर, बस्स. मॅडम खरंच चांगल्या होत्या, पण बाळ बाहेर आलं आणि रडलंच नाही. तेव्हा लक्षात आलं की तिथं बाळासाठी वेगळं माणूसच नव्हतं. मॅडम माझं रक्त जात होतं ते बघत होत्या, एक सिस्टर बाळाची पाठ चोळत होती, दुसरी अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून बाळाला श्वास द्यायची पिशवी, शोधायला पळाली, ती कपाटात होती आणि कपाटाला कुलूप. दोन-तीन मिनिटांनी बॅगनं श्वास दिला तेव्हा बाळ कण्हलं, आणि बाळाचे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलमधून येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. नऊ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहून मुलगा घरी आला, आज सहावीत आहे, ठणठणीत आहे. पण ते कुलूप मी विसरलेली नाही.

आपण हॉस्पिटल बघतो ते बाईसाठी बघतो. बाळासाठी कुणी बघतच नाही. दुसऱ्या वेळी मी बघितलं, आणि तेव्हापासून घरातल्या सगळ्या बहिणी-वहिन्या सातवा लागला की मला फोन करतात. मी डॉक्टर नाहीये, हे सगळं मुलाच्या डॉक्टरांना विचारून विचारून आणि वाचून जमवलेलं आहे. दरवेळी फोनवर तेच सांगते म्हणून आता एकदाच लिहून काढतेय.

आधी हे समजून घ्या

सरकारच्या नमुना नोंदणीचे २०२० चे आकडे आहेत. महाराष्ट्रात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १६ बाळं वर्षाच्या आत गेली, आणि त्या १६ पैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच. देशाचा आकडा तेव्हा २८, त्यातली २० पहिल्या २८ दिवसांत. कारणंही मुख्यतः तीनच आहेत, बाळ दिवसाआधी येणं, जन्मताना श्वास कोंडणं आणि जंतुसंसर्ग. तिन्हींत हॉस्पिटलनं वेळेवर काय केलं याचा खूप मोठा फरक पडतो, आणि जे करायचं असतं त्यातलं बरंचसं फार महागडंही नसतं. अंबू बॅग, कोरडा गरम टॉवेल, धुतलेले हात, आईचं दूध आणि हे सगळं करायला शिकलेलं, जागं असलेलं माणूस.

पहिलं काम: सातव्या महिन्यात स्वतःची फाइल वाचा

हॉस्पिटल बघायला जायच्या आधी तुमचं बाळ कुठल्या गटात आहे ते कळायला हवं. जुळं आहे का, बीपी वाढलंय का, शुगर आहे का, बाळाची वाढ कमी आहे असं सोनोग्राफीत लिहिलंय का, आधीचं सिझर आहे का, आधीचं बाळ लवकर आलं होतं का. यातलं एक जरी 'हो' असेल तर ज्या हॉस्पिटलच्याच छताखाली एनआयसीयू आहे तिथंच नाव घाला, हे माझं ठाम मत आहे, घरापासून तास लागला तरी चालेल.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शनचं विचारा, आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर डिलिव्हरीनंतर ७२ तासांच्या आत परत एक घ्यायचं असतं, ते आधीच आणून ठेवतील का हे विचारून घ्या. हिपॅटायटिस बी चा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन जन्मल्यापासून १२ तासांच्या आत लागतं. ते महाग असतं आणि छोट्या गावात रात्री मिळत नाही, म्हणून नवव्या महिन्यातच सोय करा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची फुकट तपासणी असते, खासगीत नाव घातलेलं असलं तरी तिथं एकदा दाखवून आलात तर दुसऱ्या डॉक्टरची नजर फिरते, त्यात तोटा काहीच नाही.

दुसरं काम: प्रत्यक्ष जाऊन विचारा

फोनवर विचारलं की रिसेप्शनची मुलगी "सगळी सोय आहे मॅडम" म्हणते. म्हणून जायचं, बरोबर नवऱ्याला नाहीतर आईला न्यायचं, आणि वहीत लिहून न्यायचं, कारण तिथं गेल्यावर निम्मं विसरतं.

सगळ्यात पहिला प्रश्न हा: माझी डिलिव्हरी होताना फक्त बाळाकडे बघणारं माणूस कोण असेल? डॉक्टरच पाहिजे असं नाही, बाळाला श्वास द्यायचं ट्रेनिंग झालेली सिस्टर पण चालते, पण त्या वेळी तिला दुसरं काम नको. साधारण दहातल्या एका बाळाला जन्मताना श्वासासाठी थोडीफार मदत लागते, आणि ती पहिल्या एका मिनिटात सुरू व्हावी लागते. त्याला डॉक्टर लोक गोल्डन मिनिट म्हणतात. एका मिनिटात गावातल्या दुसऱ्या टोकाहून कुणी पोचत नाही.

लगेच दुसरा: आणि रात्री दोन वाजता? रविवारी? दिवाळीत? हा प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहराच उत्तर देतो. जे चांगले असतात ते सरळ सांगतात, रात्री आमच्याकडे इतक्या सिस्टर असतात, बाळाचे डॉक्टर अमुक मिनिटांत येतात, सिझर असेल तर आधीच बोलावून ठेवतो. असं नेमकं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास बसतो.

लेबर रूम बघायला मिळते का विचारा. पेशंट नसेल तर बहुतेक ठिकाणी दाखवतात. आत गेल्यावर वॉर्मर (बाळाला ऊब देणारं मशीन) कुठाय, चालू करून दाखवता का, अंबू बॅग कुठाय ते बघायचं. बॅग वॉर्मरच्या शेजारी हाताशी पाहिजे आणि तिच्याबरोबर बाळाचे छोटे मास्क दोन मापाचे, एक पूर्ण दिवसांच्या बाळासाठी आणि एक लहानखुऱ्या बाळासाठी. हात धुवायला नळ, साबण आहे का आणि नळाला पाणी येतंय का. एसी फुल असेल तर विचारा की डिलिव्हरीच्या वेळी बंद करतात का, कारण ओलं बाळ गार हवेत मिनिटात थंड पडतं आणि थंड पडलेलं बाळ श्वासालाही अडतं, प्यायलाही अडतं. खोली २५ डिग्रीच्या वर हवी असते.

मग एनआयसीयू. स्वतःची आहे की "टायअप", म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलशी ठरवून ठेवलेली, आहे? स्वतःची असेल तर किती आठवड्यांपर्यंतची बाळं सांभाळतात, सीपॅप (नाकातून दाबानं हवा देणारं मशीन) आहे का, व्हेंटिलेटर आहे का, एका सिस्टरकडे किती बाळं असतात. टायअप असेल तर कुठल्या हॉस्पिटलशी, नेताना बाळाबरोबर डॉक्टर किंवा सिस्टर जाते का आणि बाळाला ऊब देणारी पेटी असलेली गाडी आहे का. कपड्यात गुंडाळून रिक्षातून नेलेली बाळं मी डोळ्यांनी बघितलीत.

आगीचं पण विचारा, लाजू नका. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. बाहेर पडायचं दुसरं दार कुठाय, ते उघडं असतं का की त्याच्यासमोर कॉट लावल्यात, रात्री बाळांच्या खोलीत माणूस जागं बसलेलं असतं का, एवढं तर आपल्या डोळ्यांना दिसतंच.

पैशाचं शेवटी विचारा पण विचाराच. नॉर्मलचं किती, सिझरचं किती हे सगळे विचारतात, एनआयसीयूचं एका दिवसाचं किती आणि औषधं, तपासण्या त्यात धरून की वेगळ्या, हे कुणी विचारत नाही आणि मग पाचव्या दिवशी सोनं गहाण पडतं. मेडिक्लेम असेल तर बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

सरकारी हॉस्पिटलचं आमच्या घरात कुणी नाव काढत नाही, हे मला पटत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात डिलिव्हरी, सिझर, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडणारी गाडी सगळं मोफत, आजारी बाळाचे उपचार पण मोफत. जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांसाठी एसएनसीयू असतं, आणि तिथल्या सिस्टरनी जितकी अवघड बाळं हाताळलेली असतात तितकी कुठल्याही छोट्या नर्सिंग होमनं बघितलेली नसतात. गर्दी असते हे खरंय, बोलणं तुटक असतं हेही खरंय. पण जोखमीचं बाळंतपण असेल आणि खासगी एनआयसीयू परवडणार नसेल तर आधीच तिथं नाव नोंदवा, शेवटच्या क्षणी रेफर होऊन पोचण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सरकारी लेबर रूमला 'लक्ष्य' चं, म्हणजे लेबर रूमचा दर्जा तपासणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचं, सर्टिफिकेट आहे का, खासगीला 'मान्यता' किंवा हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या मंडळाचं सर्टिफिकेट आहे का, तेही विचारा. 'मान्यता' ही स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेची आहे, १६ मुद्दे तपासून देतात. सर्टिफिकेट म्हणजे गॅरंटी नाही, पण कुणीतरी बाहेरचं येऊन बघून गेलंय एवढं तरी कळतं.

आकडे विचाराल तर नीट विचारा

माझ्या एका मामेबहिणीला एका ठिकाणी सांगितलं, "आमच्याकडे पाच वर्षांत एकही बाळ दगावलेलं नाही." ती खूश होऊन आली. मी म्हटलं, अगं, अवघड झालं की बाळाला दुसरीकडे पाठवत असतील तर त्यांच्याकडे कसं दगावेल? ते बाळ ज्या एनआयसीयूत जातं त्यांच्या आकड्यात चढतं. उलट मोठ्या रुग्णालयात चहूकडून शेवटच्या अवस्थेतली बाळं येतात, त्यांचा आकडा वाईट दिसणारच, त्यावरून ते वाईट ठरत नाही. म्हणून नुसतं किती गेली हे विचारून उपयोग नाही. तुमच्याकडेच जन्मलेल्या बाळांपैकी गेल्या वर्षी किती बाळांना दुसरीकडे हलवावं लागलं, पूर्ण दिवस भरलेली, चांगल्या वजनाची किती बाळं न रडता जन्मली, तुमच्याच एनआयसीयूत जंतुसंसर्ग किती बाळांना झाला, हे विचारा. तिथल्या तिथं जन्मलेली आणि बाहेरून आणलेली बाळं वेगवेगळी मोजतात का हेही विचारा. जिथं हिशोब ठेवतात तिथले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत, दोन डॉक्टरांनी तर मला खुर्ची ओढून बसवून सगळं समजावलं.

सिझरचा आकडा पण विचारण्यासारखा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशात खासगी हॉस्पिटलांत ४७.४ टक्के सिझर होती आणि सरकारीत १४.३. सिझर वाईट असं मी म्हणत नाहीये, वेळेवर झालेल्या सिझरनं बाळं वाचतात. पण मुहूर्त बघून ३७व्या आठवड्यात बाळ काढायला सांगू नका. ३९ आठवड्यांच्या आत, कळा नसताना, कारण नसताना काढलेली बाळं श्वासाच्या त्रासानं एनआयसीयूत जाण्याची शक्यता जास्त असते.

तिसरं काम: बाळ पोटात असतानाच हलायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहितीये. बाळ दिवसाआधी येणार असं दिसत असेल, म्हणजे तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, बीपी खूप चढलं, तर इथं डिलिव्हरी करून मग बाळाला न्यायचं असा विचार करायचा नाही, डॉक्टरांनी परवानगी दिली तर आईलाच लगेच मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं. आईच्या पोटाइतकी चांगली ॲम्ब्युलन्स दुसरी नाही. निघायच्या आधी विचारा, "बाळाच्या फुफ्फुसाचं इंजेक्शन दिलं का?" २४ ते ३४ आठवड्यांत बाळ येणार असेल तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, डेक्सामेथासोन असेल तर १२-१२ तासांनी चार. स्वस्त असतात आणि त्यानं कमी दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसाला मोठी मदत होते. पहिलं इंजेक्शन कधी दिलं ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्या. गाडीसाठी १०८ किंवा १०२.

बाळाची हालचाल कमी वाटली तर "झोपलं असेल" म्हणून रात्र काढू नका. जायचं, ठोके बघून घ्यायचे, सगळं ठीक निघालं तर परत यायचं.

चौथं काम: डिलिव्हरीच्या वेळी काय व्हायला हवं ते आधी सांगून ठेवा

आठव्या महिन्यातच डॉक्टरांशी बोला, कारण कळा सुरू झाल्यावर तुम्ही काय बोलणार आहात. बाळ रडलं, ठीक असलं, तर पुसून कोरडं करून सरळ आईच्या उघड्या छातीवर, वरून कापड आणि डोक्याला टोपडं. नाळ लगेच कापायची नाही, किमान मिनिटभर थांबायचं, बाळाला तेवढं रक्त जास्त मिळतं. तासाभरात अंगावर पाजायचं, सिझर झालं असलं तरी. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाली होती पण तासाभरात अंगावर प्यायलेली बाळं फक्त ४१.८ टक्के, म्हणजे बाळ हॉस्पिटलात जन्मतं आणि हे फुकटचं औषध तिथंच चुकतं. चिकाचं पिवळं दूध थेंबभरच येतं, तेवढंच लागतं, "दूध उतरलं नाही, डबा आणा" या वाक्याला लगेच हो म्हणू नका. डब्याच्या दुधाची हॉस्पिटलात जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे.

व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी, हे झालं का ते कार्डावर बघा. आंघोळ पहिले २४ तास नको, आजीला आधीच सांगून ठेवा नाहीतर वॉर्डातच वाद होतो.

बाळ पेटीत ठेवलं तर

इथं मी रडून नऊ दिवस घालवले, तुम्ही तसं करू नका. रोज एकदा डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा: आज वजन किती, श्वासाला आधार किती, दूध किती मिली आणि कशानं, अँटिबायोटिक कशासाठी आणि किती दिवस. दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्या, रात्रीसुद्धा, बाळ पीत नसलं तरी, नाहीतर आटतं. स्वतःचं पुरत नसेल तर मानवी दुग्धपेढी आहे का विचारा. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली दुग्धपेढी आशियातली पहिली मानली जाते, आता आणखीही बऱ्याच ठिकाणी आहेत.

आणि कांगारू करू देता का हे विचारा, म्हणजे बाळाला फक्त लंगोट-टोपडं घालून आईच्या नाहीतर बापाच्या छातीला कातडीला कातडी लावून बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालेली पद्धत आहे. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या हॉस्पिटलांत अभ्यास झाला, १ ते १.८ किलोच्या बाळांना तब्येत स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यापासूनच आईजवळ कांगारूत ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू जवळपास २५ टक्क्यांनी कमी झाले. हॉस्पिटल आईला एनआयसीयूत बसू देत नसेल तर हे कसं होणार? म्हणून आत आईला किती वेळ थांबता येतं हा प्रश्न पण आधीच्या भेटीतच विचारायचा.

घरी निघताना

डिस्चार्ज कार्ड वाचल्याशिवाय सही करू नका. जन्माचं वजन, घरी जातानाचं वजन (पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, घाबरू नका, दोन आठवड्यांत भरून येतं), कावीळ बघितली का, थायरॉइडची टाचेच्या रक्ताची तपासणी, कानाची तपासणी, हातापायाला सेन्सर लावून रक्तातला ऑक्सिजन मोजून करायची हृदयाची तपासणी, हे सगळं त्यात लिहिलंय का बघा. बाळ ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत झालीच पाहिजे. बाळ दिसायला छान असतं म्हणून लोक टाळतात आणि नजर जाते, एकदा गेली की परत येत नाही.

घरी आल्यावर मध नाही, गुटी नाही, काजळ नाही, नाळेला तेल-हळद नाही, खोलीत शेगडीची धुरी नाही. सासूबाईंना, आईला हे दुखावून सांगू नका, डॉक्टरांकडूनच त्यांच्यासमोर वदवून घ्या, मी तसंच केलं आणि आईनं शांतपणे ऐकलं. मालिश करा की, पण बाळ ठणठणीत असेल तर आणि हलक्या हातानं.

आशाताई येतील त्यांना दारातून परत पाठवू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई त्याच धर्तीवर येतात. हॉस्पिटलात डिलिव्हरी झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, श्वास त्यांच्याकडून मोजून घ्या.

आणि एक कागद कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. त्यावर लिहा: बाळ प्यायचं बंद झालं किंवा खूप कमी पितंय, झटके, मिनिटाला ६० च्या वर श्वास, छाती आत ओढली जातेय, काखेत ताप ३७.५ सेल्सिअसच्या वर किंवा अंग ३५.५ च्या खाली गार, उठवलं तरी हालचाल नाही, तळहात-तळपाय पिवळे किंवा पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. त्याच कागदावर खाली तीन नंबर, बाळाच्या डॉक्टरांचा, एनआयसीयू असलेल्या हॉस्पिटलचा आणि १०८. माझ्या वहिनीनं तो कागद लावला होता, सहाव्या रात्री बाळ पिईना तेव्हा भावाला काही सुचत नव्हतं, तो कागद वाचूनच फोन लावला आणि अर्ध्या तासात बाळ डॉक्टरांपुढे होतं.